बारा सेकंदांचे दाजी

सोमवार, जेवणाची सुट्टी

तीर्थरूप दाजींना,

धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो. पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं. दोन्ही कामं एका वाकण्यात उरकली.) ताईचा गुडघा कसा आहे? भाचीच्या घराला किती पायऱ्या आहेत हे ताईने कळवलं नाही, म्हणजे बऱ्याच असणार. नातीला दात आले का? विचारायचं कारण, तुमचे आले आहेत. तुमच्या दंतवैद्याचा फोन आला होता की नवी कवळी तयार आहे, घेऊन जा. तो मला दाजी समजून बोलत होता आणि मीही त्याला दोन मिनिटं तसं समजू दिलं. बरं वाटलं.

निवृत्त होऊन भाचीकडे जाताना तुम्ही तुमचा फोन बाइंडिंगच्या कारखान्यात ठेवून गेलात, तोही सिमकार्डासकट. त्यामुळे तुम्हाला शोधणारं सगळं जग मला सापडतं आणि तुम्ही तेवढे सापडत नाही. मागच्या आठवड्यात मला तुमची फार आठवण, म्हणजे तुमच्याकडे कामाचं काही विचारायचं होतं, म्हणून पाठ असलेला एकुलता एक नंबर फिरवला. व्यस्त. तीनदा लावला, तीनदा व्यस्त. मी म्हटलं, दाजी तिकडे जाऊन भलतेच बोलके झाले! शिलाईवाल्या मावशींनी सुई थांबवली, माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो लाउडस्पीकर, ज्याला लावताय तो तुमच्याच मुठीत आहे." मग भाचीच्या नंबरवर लावला. ताईने उचलला. म्हणे दाजी अंघोळीला गेलेत. दुपारी लावला, अंघोळीला. संध्याकाळी लावला, अंघोळीला. दाजी, मी अनेक धर्मांवरची पुस्तकं वाचली आहेत, पण दिवसाला तीन अंघोळी सांगणारा धर्म अजून आपल्याकडे बाइंडिंगला आलेला नाही. म्हणून हे पत्र. पत्राला अंघोळीचं कारण सांगता येत नाही.

पत्राचा विषय एकच : तुमचा हा फोन परत घ्यावा. कारणं देतो. (गुण आधी सांगतो. विरोधकाचे गुण आधी मान्य केले की नंतरचा घाव नीट बसतो.) फोन देखणा आहे. दोनदा घडी घातलेल्या कागदापेक्षा काय तो थोडा जाड असेल. एकदा चार्ज केला की चार दिवस बघायला नको. गाण्यांसाठी अंगावर वेगळी बटणं आहेत, त्यामुळे पडद्याकडे न बघता नुसत्या अंगठ्याने गाणं बदलता येतं. आणि आवाज! इतक्या सडपातळ देहातून एवढा आवाज निघताना मी आजवर फक्त ताईचा ऐकला होता. चारशे बारा गाणी आहेत, मी मोजली. तुम्ही ती कधी, कुठून गोळा केलीत हे मला एकोणीस वर्षांत कळलं नाही. मी विचारलं नाही, हेही खरं.

आता दोष. तो इतका सडपातळ आहे की कुठेही मिसळतो. परवा माझ्या हातून तो छापील तावांच्या घड्या घातलेल्या फर्म्यांच्या ढिगात गेला आणि ढीग लोखंडी दाबयंत्राखाली. मी चाक फिरवायला घेतलं आणि कागदांच्या पोटातून गाणं सुरू झालं. मावशी दचकल्या. मालकीणबाई काचेच्या खोलीतून धावत आल्या. मी अर्थात या क्षणाचा उपयोग केला. म्हटलं, मंडळी, ऐका, दडपला जाणारा जीव असा आवाज करतो! माझं बोलणं नीट रंगात यायच्या आत मालकीणबाईंनी चाक उलटं फिरवून फोन काढला. दंतवैद्याचा फोन होता तो.

दुसरा दोष आकड्यांच्या बटणांचा. ती इतकी सपाट आहेत की माझा अंगठा एका वेळी तीन दाबतो. कानात घालायच्या वायरीचं टोक जगातल्या दुसऱ्या कुठल्याही फोनला चालत नाही, आणि डावा कान मुका आहे. ती घालून मी तासभर काम केलं आणि माझ्या मते गप्प होतो. मावशींच्या मते मी नेहमीच्या दुप्पट मोठ्याने बोलत होतो. फक्त या वेळी मला स्वतःलाही ऐकू येत नव्हतं.

पण खरा गुन्हा पुढे आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, पुस्तकाचे सोळा फर्मे लांब टेबलावर सोळा ढिगांत मांडायचे, आम्ही पाच जणांनी टेबलाभोवती फिरायचं, आणि तुम्ही गुणगुणायचं. तुमची ती सोळा ठेक्यांची चाल. ठेक्याला एक फर्मा उचलायचा. चाल फिरून पहिल्या ठेक्यावर आली की पुस्तक पुरं. आपल्याकडे कुणी आकडे मोजलेच नाहीत कधी. आता मोजायचे कसे, तर मालकीणबाई म्हणाल्या, दाजींच्या फोनवरची गाणी लावा. मी कडाडून विरोध केला. मी सांगितलं की यंत्राने माणसाच्या हाताखाली राबावं, माणसाने यंत्राच्या तालावर नाचू नये, आणि एकदा का पावलं विकली की मान विकायला वेळ लागत नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि फोन लावला.

तो शफलवर होता. एक गाणं सहा ठेक्यांचं, पुढचं सातांचं, त्याच्या पुढचं कशाचं ते गाणाऱ्यालाही माहीत नसावं. हातांना सवय एकच, चाल फिरली की पहिला फर्मा उचलायचा. एका निवृत्त न्यायाधीशांचं आत्मचरित्र होतं. तीनशे प्रती शिवून, डिंक लावून तयार झाल्या. एकशे बाराव्या पानावर न्यायाधीश पहिल्या नेमणुकीचं पत्र घेऊन घरी येतात, दार उघडतं, आणि समोरच्या पानावर त्यांचा पुन्हा जन्म होतो. तेच गाव, तीच सुईण. गृहस्थ स्वतः प्रती घेऊन आले. आम्ही खाली मान घालून उभे. ते रागावले नव्हते. म्हणाले, "चाळीस प्रती घरच्यांना वाटल्या. सगळ्यांनी पुस्तक छान झाल्याचं कळवलं." मग खुर्चीत बसून एकशे बारावं पान स्वतःच पुन्हा वाचू लागले. मी, दाजी, भाषण न करता पहिली प्रत उचलली आणि उसवायला घेतली. असं माझं होत नाही.

आता शेवटचा दोष. न्यायाधीशांच्या प्रती उसवून पुन्हा जुळवत होतो. फोन चालूच होता. एक गाणं संपलं आणि कुणीतरी खोकलं. तुमचा खोकला. मग घडी दाबायच्या पट्टीची टेबलावर टकटक, आणि तुम्ही. तीच चाल. जुन्या कवळीतून मध्येच निसटणारी ती बारीक शिट्टीसुद्धा. पाचही जणांची पावलं एकदम जुळली. पहिला फर्मा, दुसरा, तिसरा. मावशींनी डोळे मिटूनच उचलायला सुरुवात केली. बारा सेकंद. नवव्या फर्म्यावर आमचे हात असताना फोनातून एक दणदणीत आवाज आला : "दाजी, थांबा जरा, ह्यावरून आठवलं..." आणि पुढे साडेचार मिनिटं श्रमाची प्रतिष्ठा.

मावशी ओरडल्या, "बंद करा हो त्या दुसऱ्या माणसाला!"

म्हटलं, "मावशी, तो मीच आहे."

म्हणाल्या, "तेच म्हणतेय मी. एकोणीस वर्षं."

त्या ध्वनिमुद्रणातलं माझं भाषण चांगलं आहे, मुद्देसूद आहे, आणि मला ते ऐकवत नाही. कापून टाकावं म्हटलं तर ह्या फोनात कापता येत नाही. ठेवायचं तर सगळं, पुसायचं तर सगळं. असा फोन मला नको. तो परत घ्यावा. ताईला नमस्कार, भाचीला आशीर्वाद, नातीच्या नव्या दातांना शुभेच्छा. कळावे, असं लिहायची रीत आहे, तुम्हाला कळतंच.

तुमचा
धाकटा मेव्हणा

ता. क. १ : फोन सोबत पाठवलेला नाही. पाकीट लहान पडलं. (एवढा सडपातळ फोन कुठल्याही पाकिटात जातो, हे वर मीच सिद्ध केलंय. ते वाचलं नाही असं समजा.)

ता. क. २ : शेवटच्या दिवशी माझं निरोपाचं भाषण पाऊण तास चाललं. मान वर केली तेव्हा तुमची जागा रिकामी होती, आणि फोनाखाली चिठ्ठी, "ह्यात गाणी आहेत." ताई म्हणते, गाडीची वेळ झाली होती. गाडीचीच वेळ झाली होती ना, दाजी? एवढं एक खरं कळवा. माझ्यानंतर तुम्ही गाणार होतात, असं मालकीणबाई काल म्हणाल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला मी जागा कुठे ठेवली होती!

ता. क. ३ : नवी कवळी मी आणून ठेवली आहे. पाठवत नाही. गाताना जुनीच राहू द्या.

ता. क. ४ : पत्र लिहायचा तुम्हाला कंटाळा, हे मला माहीत आहे. लिहू नका. तुमच्याच जुन्या नंबरवर फोन लावा. मी उचलीन. नवव्या फर्म्यापासून पुढचं गुणगुणा. पाचही जण टेबलापाशी उभे असू. इकडून काहीच आवाज आला नाही तर फोन बिघडला असं समजून ठेवू नका. तो मी असेन.