लिहून कळवतो

एडिनबरा,
२० जानेवारी

चि. वॉल्टर यास,
अनेक आशीर्वाद. सोबत थोडी कानउघाडणीही आहे, पण ती शेवटी.

तुझं पत्र आणि आईने पाठवलेली मार्मलेडची बरणी एकाच दिवशी पोचली. बरणी शाबूत आहे, झाकण गळून पत्र मात्र चिकट झालं होतं. या वर्षी संत्र्याच्या साली जाड कापल्या गेल्या आहेत. आईचा हात थरथरतो का? तू डॉक्टर, तुझ्या लक्षात आलंच असेल. तिला ऐकू येत नाही म्हणून ती फोन घेत नाही, आणि आपण दोघं फोनवर तिसऱ्या वाक्याला भांडतो. बाबा गेल्यावर तिने पत्रांचा नियम घालून दिला तो किती शहाणपणाचा होता हे मला दर वर्षी नव्याने पटतं.

इकडे वित्त समितीचं काम जोरात आहे. लंडनने आमच्या सरकारला स्वतःचे कर बसवायचे अधिकार दिले तेव्हा आम्ही केवढा जल्लोष केला होता. आता त्याच कराचा जाब विचारला की मंत्रिमहोदय आधी पाण्याचा पेला उचलतात. वसुली अंदाजापेक्षा कमी का आली असं विचारलं, की याचं सविस्तर उत्तर समितीला लिहून कळवतो, असं म्हणतात. मागच्या बैठकीत त्यांनी इतक्या गोष्टी लिहून कळवायचं कबूल केलं, की शेजारच्या सदस्याने मला चिठ्ठी सरकवली, या माणसाला टपालाची तिकिटं फुकट मिळतात का. हसू दाबायला मला खोकावं लागलं.

पुढच्या बैठकीत विरोधक त्यांना धारेवर धरणार आहेत. इंग्लंडात कर कमी, म्हणून चांगले कमावणारे लोक इथून उठून तिकडे जातात का, हा त्यांचा मुद्दा. आमच्या पक्षाच्या प्रतोदांनी मला एक मऊ प्रश्न काढून दिला आहे. लोक सोडून गेल्याचा काही पुरावा सरकारसमोर आहे का, एवढंच मी विचारायचं, मंत्री नाही म्हणणार, आणि सगळे जेवायला जाणार. सीमेवरच्या भागाची आमदार विचारते म्हटल्यावर उत्तराला वजन येतं म्हणे.

आता कानउघाडणी. बेकरीवाल्या बाई मला इथे स्टेशनवर भेटल्या. तू आणि रोना पुलापलीकडचं, इंग्लंडच्या हद्दीतलं, पाणचक्कीजवळचं रिकामं घर बघायला गेला होतात असं त्या सांगत होत्या. मी म्हटलं, मासे धरायला गेला असेल. ज्याने विशीत शिवेच्या उत्सवात घोड्यावर बसून गावचा झेंडा सगळ्या शिवेवरून फिरवला, तो शिवेपलीकडे घर कशाला बघेल? खोटं आहे ना ते? एका ओळीत कळव.

आईला नमस्कार, रोनाला आठवण सांग. माझं बोलणं मनावर घेऊ नकोस, लोभ मात्र मनात असू दे.
तुझी ताई,
इझबेल


एडरहॉ,
२८ जानेवारी

ती. इझबेलताईस,
सा. न. वि. वि.

एका ओळीत कळव म्हणालीस. खरं आहे. उरलेल्या ओळीही वाच, पत्र फाडू नकोस.

घर घेतलं आहे. मी उपाशी नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण आमच्या छोट्या रुग्णालयात डॉक्टरांच्या दोन जागा रिकाम्या आहेत आणि त्यांचं काम माझ्या अंगावर आहे. जादा पाळ्यांचे पैसे हातात येतात तेव्हा निम्मे आधीच करात गेलेले असतात. माझा एक सहकारी पलीकडे राहतो. तेच काम, तीच खोली, तीच खुर्ची, आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त उरतात. माणूस कुठे राबतो यावर हा कर नाही, कुठे झोपतो यावर आहे. मी सकाळी पूल ओलांडून येणार, त्याच रुग्णांच्या छात्या तपासणार आणि संध्याकाळी परत जाणार. एप्रिलच्या आत बिऱ्हाड हलवायचं ठरलं आहे. ताई, मी दमलो आहे. थोडं कमी काम करून तेवढंच घरी नेता आलं तर मला हवं आहे, आणि याची मला लाज वाटत नाही. निदान दिवसा तरी वाटत नाही.

आता आईचं. इथे मी दोनदा पेन ठेवून उठलो. तिला बरोबर न्यायचं म्हणून आम्ही तिकडची खालची खोली रंगवूनही घेतली होती. मग कळलं की शीना पुलापलीकडे येऊ शकत नाही. शीना तुला माहीत आहेच, रोज सकाळी येते, आईला आंघोळ घालते, केस विंचरते, तिच्याशी हातवारे करून गावभरच्या गप्पा मारते. ते सगळं इथल्या सरकारच्या खर्चाने चालतं, तिकडे तशी सोय नाही. पैसे मोजून दुसरी बाई ठेवता येईल, पण मग वाचवलं काय? आणि आई शीनाशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाही. सून असून रोनालाही नाही. माझं तर नावच नको, मुलगा डॉक्टर झाला तरी मुलगाच.

म्हणजे आई याच घरात राहणार. मी रोज जाता-येता चक्कर मारीन. रात्री ती एकटी असेल. तिला अजून सांगितलेलं नाही.

एक विनंती. तुझ्या त्या समितीच्या खोलीत माझं नाव नको. गावात अजून मला झेंडेवाला म्हणून ओळखतात.

लोभ असावा असं लिहिणार होतो. या पत्रानंतर किती उरतो ते बघून तूच ठरव.
तुझा,
वॉट


एडिनबरा,
३ फेब्रुवारी

चि. वॉल्टर यास,
आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. बशीखाली ठेवलं, चहा सांडला, पुन्हा काढून वाचलं.

शीनाचा पगार कुठून येतो असं वाटतं तुला? ज्या करापासून तू पळतो आहेस त्यातूनच येतो. तुझ्यासारखे सगळे पूल ओलांडून गेले तर आईचे केस कोण विंचरणार? मला फार राग आला आहे. तू दमला आहेस हे मला दिसत नाही असं नाही. नाताळात जेवता जेवता तुझा डोळा लागला होता, तेही मी विसरलेले नाही. म्हणून राग नीट काढताही येत नाही.

आईला मी इथे आणलं असतं. पण माझं घर तिसऱ्या मजल्यावर, दगडी जिना, लिफ्ट नाही. एकदा वर आली की ती खाली उतरणारच नाही. आणि पहाटे उठून किटली ठेवायची तिची खोड तुला माहीत आहे. अंधारात, दिवा न लावता, का तर वीज जळते. त्या वेळी घरात माणूस नको का?

समितीत आमच्याकडे रिवाज आहे. ज्या विषयात आपलं किंवा घरच्यांचं काही गुंतलेलं असेल, त्यावर बोलण्याआधी ते सर्वांसमोर सांगायचं. सांगितलं तर तू उघडा पडतोस, न सांगता प्रश्न विचारला तर मी खोटी ठरते. म्हणून तो प्रश्न मी विचारणारच नाही, प्रतोदांना तसं स्पष्ट सांगते. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. पण बिऱ्हाड हलवायच्या आधी आईला समोर बसून सांग. एवढं माझ्यासाठी कर.

रागावलेली असले तरी लोभ तोच,
इझबेल


एडरहॉ,
२० फेब्रुवारी

ती. इझबेलताईस,
सा. न. वि. वि.

काल समितीची बैठक आम्ही टीव्हीवर पाहिली. आई पडद्यावर खाली येणाऱ्या अक्षरांवर बोट ठेवल्यासारखी वाचत होती. तू दिसलीस तेव्हा म्हणाली, बारीक झाली आहे, आणि तो कोट तिला कुणी घ्यायला लावला. विरोधी पक्षाच्या त्या बाईंनी मंत्र्यांना चांगलंच पिळलं. सीमेवरच्या गावांत काही वेगळं चित्र आहे का, असं त्यांनी विचारलं आणि मंत्री म्हणाले, समितीला लिहून कळवतो. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग तुझी पाळी आली. आणि तू विचारलंस. लोक सोडून गेल्याचा एकही पुरावा सरकारसमोर आहे का. मंत्री म्हणाले, नाही. तू त्यांचे आभार मानलेस.

मला वाटलं होतं, तू माझं नाव घेतलंस तर मी तुला कधी माफ करणार नाही. आता बघतो तर हे जास्त लागलं. तुला वाटत असेल तू मला झाकलंस. तू मला नसल्यात जमा केलंस. मी स्वार्थी असेन, चुकलेला असेन, पण मी आहे. माझी पुस्तकं खोक्यांत भरलेली आहेत, आणि माझी बहीण सगळ्या देशासमोर विचारते की असं कुणी आहे का.

आईने टीव्ही बंद करायला सांगितला आणि टोस्टला मार्मलेड लावायला घेतलं.

तुला खोटी म्हणायचा हक्क मला नाही, हेही लिहून टाकतो. आईला मी समोर बसून सांगितलेलं नाही. आज सकाळी एक चिठ्ठी लिहून चहाच्या डब्याखाली ठेवली आणि कामावर निघून आलो. तिला ऐकू येत नाही, ओरडून सांगितलं तर शेजाऱ्यांना कळेल, असं मी स्वतःला समजावलं. हे पत्र रुग्णालयातूनच लिहितो आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हलतो.
वॉट


एडिनबरा,
२६ फेब्रुवारी

प्रिय वॉट,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, म्हणून आज नुसतं प्रिय.

बैठकीच्या आधी प्रतोदांनी मला व्हरांड्यात गाठलं. आवाज चढवला नाही. पुढच्या निवडणुकीत तिकीट कुणाला द्यायचं याचा विचार चालू आहे, एवढंच म्हणाले, आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी आत गेले आणि विचारलं. याहून वेगळं कारण माझ्याकडे नाही.

मार्चअखेर मंत्री पुन्हा समितीसमोर येणार आहेत. तेव्हा मी आधी तुझं नाव घेईन, तू गेलास हे सांगेन, आणि मग विचारीन. पण तुझ्या परवानगीशिवाय नाही. नको म्हणालास तर समिती सोडते. जे असेल ते लगेच लिही. आईलाही सविस्तर लिहिते आहे.

लोभ मागायची माझी पत नाही. तरी मागते.
इझबेल


एडरहॉ,
१९ मार्च

चि. इझबेल व चि. वॉल्टर यांस,
आईचे आशीर्वाद, दोघांना सारखे.

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, शब्दाला शब्द तोच, म्हणजे कुणाला काय सांगितलं यावरून नवं भांडण नको. एक टपालाने जाईल. वॉल्टरचं शीना त्याच्या दारात टाकेल. पत्र घेऊन पूल ओलांडायला सरकारची तिला मनाई नाही.

वॉल्टर, तुझी चिठ्ठी चहाच्या डब्याखाली मिळाली. तू वर माडीवर झोपत होतास, मी खाली. जिना उतरून यायचं, एवढंच अंतर होतं. घराचं मला बेकरीवाल्या बाईने कधीच सांगितलं होतं, मी वाट बघत होते. इझबेल, तुझं सविस्तर पत्रही मिळालं. त्यात सगळं होतं, तू कधी येतेस ते सोडून. आणि वॉल्टरने तुला अजून उत्तर पाठवलेलं नाही हे मला ठाऊक आहे, कारण तुझं पत्र खिशात घेऊन तो इथे येतो, खिसा चाचपतो आणि जातो.

गेल्या मंगळवारी पहाटे मी किटली ठेवायला उठले आणि पडले. घाबरू नका, काही मोडलेलं नाही. उठता येईना म्हणून तिथेच पडून राहिले. मागच्या दाराच्या काचेतून नदीपलीकडचं तुझं घर दिसतं, वॉल्टर. तुझ्या स्वयंपाकघरात दिवा लागला. मला बरं वाटलं, उठला, आता काहीतरी खाईल. हाक मारायचा प्रश्नच नव्हता. मग दिवा गेला, आणि तुझी गाडी पुलावरून येऊन सरळ रुग्णालयाकडे गेली. त्या दिवशी तुझी लवकरची पाळी होती. शीना तिच्या वेळेला आली, तिने मला उठवलं, आधी ओरडली आणि मग रडली. तुम्हाला सांगायचं नाही अशी मी तिला शपथ घातली होती. ती आज मीच मोडते आहे.

इझबेल, तुझ्या मंत्र्यांना पुरावा हवा असेल तर तो माझ्या फरशीवर पडला होता, निळा झगा घालून. पण त्यांना हेही सांग की त्या पुराव्याला उचलायला जी आली, तिला पगार त्याच करातून मिळतो. सांगशील तर दोन्ही सांग. एकच सांगणार असशील तर माझं नाव घेऊ नकोस. वॉल्टर, तुझं नाव तिला घेऊ दे. तू घर बदललंस, चोरी केलेली नाहीस. आणि एकदा झेंडा धरला म्हणून जन्मभर घोड्यावर बसून राहायला गावाने तुला सांगितलेलं नाही.

राहिला माझा विषय. आईला इकडे ठेवायचं, तिकडे न्यायचं, वर चढवायचं, यावर तुम्ही सगळा हिवाळा एकमेकांना लिहीत होता. मला विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. मी इथेच राहणार. दिवसाची काळजी सरकार घेतं, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. रात्रीची मी सरकारवर टाकणार नाही.

म्हणून माझा एकच प्रश्न आहे. रात्री या घरात कोण असणार?

येत्या रविवारी दुपारी जेवायला या. रोनालाही आण. जवाचं सूप मी स्वतः करीन, खुर्ची घेऊन बसून करीन, दिवा लावून करीन. एकमेकांशी भांडलात तरी चालेल, मला त्यातलं काही ऐकू येणार नाही. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर द्याल तेव्हा माझ्याकडे तोंड करून द्या. ओठ बघून मला समजतं.

लोभ आहेच, तो मागायला मला पत्र लागत नाही. आता कुणी लिहून कळवू नका.

तुमची,
आई