मॅटसन हे आडनाव आणि टेकडीखालचे निळे घर

मी, इबो मॅटसन, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा दुकानांच्या आणि होड्यांच्या पाट्या रंगवणे, राहणार सॉल्टपाँड, टेकडीखालचे निळे घर, हा लेख माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण तो बुद्धीत उतरलेला नाही असे डॉक्टरांनी लेखी दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही. भाचा आटो याने दोनदा समजावले, परंतु वकीलबाई म्हणतात की समजावणे हा गुन्हा नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात सगळे भाच्यांना दिले होते, ते आजपासून रद्दबातल समजावे.

कलम १. या लेखाची अंमलबजावणी वकीलबाई अमा अक्वा यांनी करावी. त्या मॅटसन नाहीत. आमच्या गावात मॅटसन नसलेले शहाणे माणूस शोधायला मला तीन आठवडे लागले.

कलम २. निळे घर, मागची विहीर आणि लिंबाच्या झाडासह, माझी पत्नी एफुआ मॅटसन हिला द्यावे. घर मी स्वकष्टाने, माझ्या जमिनीवर बांधले आहे. आईच्या कुळाची एक वीटही त्यात नाही, त्यामुळे मामाची मिळकत भाच्याकडे जाण्याचा आमचा रिवाज इथे लागू होत नाही.

एफुआ माहेरचीही मॅटसनच. यावरून गावात बोलले जाते, म्हणून खुलासा करतो. आटोचे म्हणणे की मृत्युपत्रात खुलासे नसतात. आटोने अजून एकही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम ३. खुलासा. मी चोवीस वर्षांचा असताना एफुआला मागणी घालायची ठरवली. ती तेव्हा बाजारात आईबरोबर केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकायची, आणि तिच्या दुकानाची पाटी मी चार वेळा रंगवली होती, त्यातल्या तीन वेळा गरज नसताना. आमचे वडील वारलेले, म्हणून थोरला भाऊ क्वेसी याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "मॅटसनची पोरगी म्हणजे तुझी बहीण. लाज नाही वाटत?"

"दादा, आपलं नातं कुठून लागतं ते तरी सांग."

"कप्तान मॅटसनपासून. सगळे मॅटसन एकाच रक्ताचे."

हा कप्तान म्हणजे जहाजावरचा कोणी गोरा, आमचा म्हणे मूळपुरुष. क्वेसीने त्याच्यावर बावीस पानांचे पुस्तकही छापले आहे. गावातल्या अकरा मॅटसन घरांत आपापसांत लग्ने होत नव्हती, मयताला मात्र अकराही घरे लोटायची. कोणाही मॅटसनची अंत्ययात्रा बंदरापर्यंत लांब. एफुआच्या वडिलांनीही हेच सांगितले. ती ताकोराडीच्या एका रेल्वे फोरमनला दिली गेली. तिच्या लग्नाच्या मंडपाची पाटी मीच रंगवली. अक्षर चांगले आले होते. मी लग्न केले नाही. लोक विचारायचे तेव्हा रंगाच्या वासाने बायका टिकत नाहीत असे सांगायचो.

एकोणपन्नास वर्षांनी टेकडीवरच्या मिशन शाळेने पहिल्या तुकडीतल्या मुलांच्या नावांचा फलक माझ्याकडे दिला. नावे उतरवून घ्यायला त्यांनी जुनी हजेरीची वहीच दिली. मी शिडीवर चढून लिहू लागलो. तीन मॅटसन लिहून झाले, चौथे माझ्या आजोबांचे आले, आणि समासात मास्तरांच्या बारीक अक्षरातली नोंद दिसली. साहेब तपासणीला येणार, प्रत्येक मुलाला दोन नावे हवीत, असा हुकूम होता. मास्तरांनी लिहिले होते: "बाकावर जागा न मिळाल्याने चटईवर बसलेली मुले, एकूण अकरा. सर्वांस मॅटसन हे आडनाव दिले."

म्हणजे मॅट, चटई, आणि सन, मुलगा. चटईचे सुपुत्र. पुढे अकरा बापांचे धंदे होते. एक मासे धरणारा, एक मीठ पिकवणारा, एक ताडीवाला, कोणाचा कोणाशी काही संबंध नाही. माझे आजोबा चौथे, एफुआचे आजोबा नववे. मधे चार पोरे आणि चटईचे एक भोक. भोकाचीही नोंद होती, कारण मास्तरांनी नवी चटई मागितली होती.

मी शिडीवरून उतरलो, ब्रश धुतला आणि ताकोराडीची गाडी पकडली. एफुआ विधवा होऊन सहा वर्षे झाली होती. दारात बसून मासे साफ करत होती.

"एफुआ, आपण नात्यातले नाही," मी म्हणालो.

तिने मान वर केली नाही. "हे सांगायला इतक्या लांब आलास?"

"हो. वहीत लिहिलंय."

"मला तेव्हाही तसं वाटत नव्हतं. वहीची वाट तू बघत होतास." मग मासा बाजूला ठेवून म्हणाली, "बस. काय खाल्लंस सकाळपासून?"

हे वाक्य मी मृत्युपत्रात लिहून ठेवतो, कारण तिचे बरोबर होते. मी तेव्हा तिला घेऊन पळायला हवे होते. क्वेसीची भीती वाटली. त्याचा दोष मी इतकी वर्षे एकट्या क्वेसीवर टाकला, त्यातला निम्मा आज माझ्या नावावर करून घेतो.

नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी तिला विचारले, "माहेरचं आडनाव?"

"मॅटसन."

"लग्नानंतरचं?"

"मॅटसन."

"मग बदललं काय?"

"पत्ता," एफुआ म्हणाली.

कलम ४. माझे ब्रश, शिड्या, अक्षरांचे साचे आणि रंगांचे उघडलेले डबे भाचा आटो याला. न उघडलेले डबे एफुआने विकावेत. आटोचा हात चांगला आहे, पण तो अक्षरांना सावल्या फार देतो. तीन वर्षे त्याने सावली देऊ नये, अशी अट. पाळतो की नाही ते गावच बघेल.

कलम ५. थोरला बंधू क्वेसी मॅटसन, वय चौऱ्याऐंशी, याच्याविषयी. वही दाखवली तेव्हा त्याने अकराही नावे बोट ठेवून वाचली. मग म्हणाला, "तू अकरा घरांना परकं केलंस. उद्या माझ्या मयताला कोण येईल?"

मला वाटले होते तो कप्तानासाठी भांडेल. तो गर्दीसाठी रडत होता. माझ्या लग्नाला तो आला नाही, तेव्हापासून आम्ही बोलत नाही. त्यानंतर गावात मॅटसन-मॅटसन अशी सात लग्ने झाली. पोरे दबा धरून बसली होती की काय कोण जाणे. आणि गेल्या महिन्यात मीठवाल्या मॅटसनांकडची म्हातारी गेली, तेव्हा अकराही घरे सुतकाची लाल-काळी कापडे नेसून हजर होती. पहिल्या रांगेत क्वेसी होता. त्याने मागे वळून माणसे मोजली, ते मी पाहिले. पुरेशी होती.

त्याच्या बैठकीत कप्तान मॅटसनची तसबीर आहे, तिला प्रत्येक मयतानंतर हार घालतात. ती तसबीर क्वेसीने माझ्याचकडून करून घेतली होती. कप्तानाला कोणी पाहिलेले नसल्याने मी चेहरा बिस्किटाच्या डब्यावरून उचलला. तो डबा कपाटात वरच्या फळीवर आहे, तो क्वेसीला द्यावा. सोबत माझी पांढरी खुर्ची द्यावी आणि त्याला सांगावे की मी त्याला माफ केले, पण पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढू नये.

कलम ६. माझ्या मृत्यूचे पोस्टर गावातल्या भिंतींवर लागेल, त्यावर एफुआचे नाव सगळ्यांच्या वर, माझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात असावे. 'सुपुत्र', 'वंशज' असले शब्द नकोत. कप्तानाचा उल्लेख केल्यास ते पोस्टर फाडण्याचा हक्क माझ्या पत्नीस राहील.

कलम ७. शेवटी वकीलबाईंनी विचारले, "काका, पत्नी तुमच्याआधी गेल्या तर घर कोणाला? हे कलम घालावंच लागतं."

याचा मी विचार केला नव्हता. ती गेल्यावर ह्या घरात मी काय करायचे, तेच मला सुचेना. एफुआ लाभार्थी असल्याने तिला खोलीबाहेर बसवले होते, पण आमच्या भिंती पातळ आहेत.

ती बाहेरूनच म्हणाली, "लिहून टाका, मी आधी जाणार नाही. पन्नास वर्षं थांबलेली बाई आहे मी. त्याला पोचवल्याशिवाय हलायची नाही."

वकीलबाई म्हणाल्या, याला कायद्यात आधार नाही. मी त्यांना ते वाक्य आहे तसे घालायला लावले. त्यांच्या आग्रहास्तव त्याखाली आटोचेही नाव घातले आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. फक्त ताकोराडीचा भाग मी दोनदा वाचायला लावला. त्यात चूक नव्हती. सही स्वतःच्या हाताने, सावलीशिवाय केली.

इबो मॅटसन

आम्हा दोघांसमक्ष सही झाली. आम्हाला या मिळकतीतून काही मिळणार नाही आणि आम्ही मॅटसन नाही:

जोसेफ अंपा, होडीबांधणी
मर्सी इनकूम, परिचारिका

सॉल्टपाँड, शुक्रवार, दिनांक १४ जून २०२४