एक लिटरचं माप

तांडा, फुलसावंगी
२४ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार

चिरंजीव प्रेमले आशीर्वाद. फुकटचा आहे, ठेवून घे.

तुह्या मनगटाचं प्लास्टर निघालं, असं जया आत्यानं सांगतलं. बरं झालं. इकडं कापूस फुटला, वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या. तुही गाडी गोठ्यात उभी आहे. कोंबडी तिच्या सीटवर अंडे देते. तेवढंच काम उरलं तिले.

तू फोनवर माह्याशी बोलत नाही, म्हणून लिहून राह्यली. धावजी उद्या मुकुटबनले, तुह्या आत्याच्या गावी येते, त्याच्या हाती चिठ्ठी धाडतो. चौथीचं अक्षर आहे, दमानं वाच.

तुह्या भावानं, शामनं, तुही गाडी बिघडवली, असा निरोप तू तांड्याच्या नायकाले धाडला म्हणे. देवीलाल नायक परवा येऊन गेले. सोमवारी पंचायत बसन. 'मी केलं नाही, आन कोणं केलं ते मले माहीत नाही', अशी शपथ शामले सेवाभायाच्या देवळापुढं घ्या लागन. तो नाही म्हणते. दोषी ठरला तं तांडा सोडीन म्हणते. थैली भरून ठेवली त्यानं.

शर्यत तुमचीच होती. चिखलात उडवाच्या दोन गाड्या, आन भांडणं रोजचे. शाम म्हणे, प्रेमची टू-स्ट्रोक बेवडी आहे, लिटरात वीस किलोमीटर जात नाही, माही फोर-स्ट्रोक चाळीस जाते. तू म्हणे, करून दाखव. टाक्या कोरड्या केल्या. दोघायले एकेक लिटर, जे गाडी कमी जाईन ते विकाची. भावाचा भावावर भरोसा नाही, म्हणून माप माह्या हाती देल्लं. तू तेलाची शिशी देऊन म्हटलं, "आजी, माह्या पेट्रोलात दोन झाकणं तेल टाकजो, इसरू नको."

मी इसरली नाही.

मले वाटलं, शामच्या लिटरात तेल नाही, मंग तुह्याच्यात वरून काहून? माप म्हंजे माप. शिशी ओढणीखाली दाबली. त्याच्या गाडीचं तेल इंजनात अलग राह्यते आन तुहीले पेट्रोलातूनच पाजा लागते, हे रूपसिंग मिस्तरीनं इंजन खोललं तवा समजलं. तोवर तुह्या गाडीचं इंजन पुलाजवळ जाम झालंतं, चाक अडकलंतं, आन तू उडून पडलता.

मी धावत पुलाजवळ आली, तुले उचलाले वाकली, तवा शामनं ओढणीखालची शिशी पाह्यली. सील बी तुटलं नोतं. त्यानंच गाडी बिघडवली म्हणून त्याच दिवशी तू त्याच्या तोंडात मारली, तरी तो चूप. मी मागून म्हटलं, सांगून टाक. तो म्हणे, "तुले नायकापुढं उभी करू का?"

मी बी चूपच राह्यली. महिना झाला. लाज म्हण, का भेव म्हण.

सोमवारी पंचायतीत पहिले मी बोलीन. शिशी घेऊन जाईन. तू ये. रडारड नको, पाया पडणं नको. सगळ्यायपुढं उभा राहून ऐक, आन मंग भावाची थैली तुह्या हातानं रिकामी कर.

मापात बरोबर, बाकी साऱ्यात चुकलेली,
तुही आजी
लालीबाई