आळणी भाजी आणि डबाभर खारी

इचलकरंजी, सोमवार, १२ जानेवारी १९५३

आणि वर मलाच शहाणा म्हणतोय आमचा दादा. काल कोडोलीला घरी जाऊन आलो. आबांच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला तर खड्डा पडला, तो भरून येईना. डॉक्टरनं मीठ बंद केलंय. आईनं भाजी आळणी केली, बरोबर. पण आळणी घास उतरत न्हाय म्हणून ताटात लोणचं, वर भाजका पापड. चहाला बेकरीची खारी, दादानं माझ्याच पैशातनं आणलेली, डबा भरून.

म्हटलं, "दादा, ह्यात मीठच हाय की."

"डाक्टर मीठ म्हणाला, शहाण्या. खारीचं नाव घेतलं काय त्यानं?"

आबा हसले. "कापडाच्या मागावर जाऊन डाक्टर झालास व्हय रं?" म्हणाले आणि खारी चहात बुडवली.

काय बोलायचं ह्यांच्याशी? मी चौथीत शाळा सोडली, दादा सातवी पास. सातवी पास माणसाच्या जिभेला खारी खारट लागत न्हाय? लाड करून मारतील बापाला. आज मागावर धागा जोडतानाही अंगठ्याखाली तोच खड्डा.

आबांच्या ताटातला पापड गुपचूप उचलला तो एकट्या वहिनीनं. आता दादाच्या नावानं मनिऑर्डर बंद. वहिनीच्या नावानं धाडतोय, पंधरा रुपये.