बेरजेच्या कॅसेटवरचा तुझा आवाज

प्रिय शालू,

इतक्या वर्षांत तुला लिहायचा धीर झाला नाही. आज लिहितो, कारण काल मी तुझा आवाज ऐकला.

शाळेतली अडगळ काढणं चाललं होतं. मारोती शिपायाचा फोन आला, "सर, शालूबाईचा कम्प्युटर भंगारात चालला. पाहाले येता का?" धापा टाकत पोचलो, तर टेम्पो वडशाकडे निघूनही गेलेला! तो जाडजूड कीबोर्ड, त्याला जोडलेला तो फुगीर टीव्ही, सगळं गेलं. मारोतीनं खिशातून एक कॅसेट काढली. "एवढीच लपवली जी."

त्या यंत्राच्या स्वतःच्या काहीच लक्षात राहत नसे. वीज गेली की कोरं! मग टेपवर कॅसेट लावून त्याला पुन्हा प्रोग्राम पाजायचा. तेवढा वेळ वर्ग श्वास रोखून बसे. कोणी बोललं तर ते बोलणंही आत शिरेल, अशी पोरांची पक्की समजूत! रस्त्यानं झाडीपट्टीच्या नाटकाच्या जाहिरातीचा भोंगा गेला, तरी तू टेप थांबवायचीस. आणि बाजूच्या वर्गात मी रंगात येऊन कविता म्हणू लागलो, की भिंतीवर टकटक. "सर, आवरा जी तुमची कविता! मशीन बिघडून जाईन!"

खरं सांग, टेपमधला आवाज वायरीतून जातो, बाहेरचं बोलणं त्यात शिरत नाही, हे तुला ठाऊक होतं ना? मग मले काऊन गप्प बसवलंस गं?

काल शेजाऱ्यांचा जुना टेप आणून ती कॅसेट लावली. खरखर झाली, आणि तू म्हणालीस, "आठवीची बेरीज. दोन मिनिटं कोणी बोलू नका." मागोमाग प्रोग्रामची ती कर्कश किर्र.

मीही आठवीच्या पोरासारखा हाताची घडी घालून बसलो.

तेवढ्यात पट्टी गुंतली. बुरशी चढलीय. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं ती सोडवून दिली, पण म्हणाला, "भाऊ, अजून एकदा चालन. मंग तुटन."

एकदाच! सकाळपासून बोट बटणाकडे जातं.

पण आपली मीनू? तू गेलीस तेव्हा पाळण्यात होती. एकदा तिनं विचारलं, "बाबा, आईचा आवाज कसा होता?" जन्मभर पोरांना उपमा शिकवणारा मी, मला एकही सापडली नाही. म्हणालो, "गोड." केवढं खोटं! तुझा आवाज बारीक होता, तुटक होता, थोडा रागावलेला होता.

रविवारी ती नागपूरहून येते आहे. वचन देतो, तोवर बटणाला हात लावणार नाही. शेवटची वेळ तिची. मोबाईलवर आवाज उतरला तर उतरला. मी समोर बसेन, तिच्या चेहऱ्याकडे बघत.

तुझाच,
नामदेव