काजळीचा दगड

४ नोव्हें., मंगळवार
सुधाला जाऊन आज दोन महिने झाले. सकाळी शिरीषचा फोन. सुधाच्या हाताखाली खाणीवर शिकला, आता स्वतः प्राध्यापक आहे. तिचे दगड त्याच्या कॉलेजच्या संग्रहालयात ठेवायचे म्हणतो. रविवारी येणार.
पलंगाखालचे खोके ओढून काढले. दगड अगदी कळकट. तिच्या वस्तू लोकांपुढे अशा जाऊ नयेत. बाल्कनीत टब, कोमट पाणी, भांड्याचा साबण, तारेची घासणी. अडतीस नग. शिशाचे दगड काय जड असतात! कंबर गेली. पण धुतल्यावर असे चमकले की समोरच्या बाई गॅलरीतून बघत राहिल्या. सुधाला आवडलं असतं.

५ नोव्हें., बुधवार
नसतं आवडलं.
संध्याकाळी तिची वही उघडली. प्रत्येक दगडाला नंबर, पुढे खाणीतली जागा, खोली, वजन. नंबर दगडावरच, पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर शाईने. ते ठिपके मी काल घासून काढले. चुन्याचे डाग वाटले.
मीराला ऑफिसात फोन केला. "बाबा, तू आईचा अख्खा डेटा भांड्याच्या साबणाने धुतलास?" खूप हसली. मग रडायला लागली.

८ नोव्हें., शनिवार
वहीवरून जुळवतोय. स्वयंपाकघरातला वजनकाटा कामी आला. अठ्ठावीस लागले.
वहीत बरंच काही आहे. तो डोंगर म्हणे एकेकाळी उथळ समुद्राचा तळ. पुढे थर दुमडले, उभे राहिले. शिसं त्या थरांत. चांदी वेगळी दिसत नाही, शिशाच्या खनिजातच मुरलेली. तीस वर्षं राजस्थानात, अरवलीतल्या त्या खाणीच्या कॉलनीत राहिलो, तिथल्या शाळेत गणित शिकवलं, आणि हे आत्ता कळतंय. तिने सांगितलं नव्हतं असं नाही. जेवताना सांगायची, मी हं म्हणायचो. एकदा म्हणाली, "अहो, तुमचं हं किती खोल आहे ते बघायला ड्रिलच लावावं लागेल."

९ नोव्हें., रविवार
शिरीष आला. टक्कल पडलंय. काय झालं ते सांगितलं. त्याने एक दगड उचलला आणि सरळ जीभ लावली. ओला केला की कण दिसतात. सुधाही हेच करायची, मी ओरडायचो, शिसं आहे ते. "मॅडमनीच शिकवलं, सर. आणि वर म्हणायच्या, असं कधी करायचं नाही."
जेवण न करता दोघं बसलो. छत्तीस लागले. दोन दगड आणि दोन नंबर उरले. २९ चं वजन दोन्हींपैकी कशाशीच जुळत नाही. आणि १७ ला वजनच नाही. पुढे एवढंच: "जुनी खोदाई. धुलाजी. काजळी आहे, पुसू नये."
वाचून शिरीष माझ्याकडे बघेना.

१० नोव्हें., सोमवार
१७ बद्दल लिहून ठेवतो.
शेकडो वर्षांपूर्वी तिथले खाणकरी दगडाच्या भिंतीला लाकडं लावून पेटवायचे. दगड तापला की पाणी मारायचं, तडकला की छिन्नी. त्या आगीची काजळी आतल्या छताला अजून तशीच आहे असं सगळे सांगायचे. सुधाने ती पाहिली नाही. बायकांनी खाणीत उतरायला तेव्हा कायद्याने मनाई. वर येतील ते दगड तिने तपासले, खालचे नकाशे केले, खाली एकदाही नाही. कधी तक्रार केली नाही. माझ्यापाशी तरी नाही.
धुलाजी फोरमन एका सकाळी आमच्या दारात. "बाईसा, तुम्हाला खाली येऊ देत नाहीत, म्हणून खालचं थोडं वर आणलंय." सुधा हसली आणि आत निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. चहा मी केला.
तो दगड मी धुतला.

१२ नोव्हें., बुधवार
शिरीषचा फोन. दगड कापून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघता येईल. बारीक भेगांत काजळी उरली असली तर दिसेल. "नाहीतर सर, एकावर सतरा लिहून टाकू. कोण विचारणार आहे?"
म्हटलं, "सुधा."
तो म्हणाला, बरोबर आहे.

१७ नोव्हें., सोमवार
कॉलेजात जाऊन आलो. दोनांतला छोटा दगड कापला. करवतीवर पाण्याची धार सोडतात. आवाज ऐकवेना, तरी तिथेच थांबलो.

१९ नोव्हें., बुधवार
पहिल्यात काही नाही. शिरीष म्हणतो, "म्हणजे दुसराच सतरा. साधं गणित आहे सर, तुम्हाला मी काय सांगू?"
"२९ कुठे जुळलाय? दोन्ही नसतील तर?"
"मॅडम परवडल्या."
बरं वाटलं ऐकून.
करवत शुक्रवारी अकराला मोकळी आहे. मीरा म्हणते, "नको कापू बाबा. तोच सतरा आहे असं समज ना." समजायला काय, मी काहीही समजेन. पण संग्रहालयात चिठ्ठी लागणार, खाली तिचं नाव येणार.
मोठा दगड ओट्यावर ठेवलाय. मला उचलायला दोन्ही हात लागतात, छोटा एका हातात मावायचा. संध्याकाळपासून धुलाजी दारात उभा असलेला आठवून बघतोय. पंच्यात गुंडाळून आणला होता. एका हातात होता की दोन्ही हातांत, तेवढं आठवलं तर शुक्रवारी हा कापायला नको.