निशाणाला घातलेले टाके

ग्लेन उरा, केप ब्रेटन
९ एप्रिल १९२३

चि. नील यास,

मोराग आजीचे ओंजळभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझंही हॅलिफॅक्सला ठीकच असणार. पलटणीत जेवण आयतं मिळतं आणि काम दुसऱ्याला सांगता येतं, आणखी काय हवं?

पत्र नेहमीप्रमाणे आपल्या शाळेच्या मिस बेथून लिहीत आहेत. बोलते तसंच लिहा म्हटलं तरी मधे मधे स्वल्पविराम पेरतात. मला अक्षर येत नाही, पण लेखणी कधी थांबते ते ऐकू येतं.

जूनमध्ये तुमच्या पलटणीला नवं निशाण मिळणार, तेही आपल्या चर्चपुढच्या मैदानात, आणि ते हाती धरायला सगळ्या अधिकाऱ्यांतून तुला निवडलंय, असं पाद्रीबुवांनी रविवारी सगळ्यांदेखत सांगितलं. गर्व दिसू नये म्हणून मी मान खाली घातली. तरी दिसलाच म्हणे.

खरी बातमी पुढेच आहे. ही निवड कळण्याच्या आधीच मी एक काम उरकून ठेवलंय. तुझ्या बापाच्या पलटणीचं जुनं निशाण लढाई संपल्यावर वाजतगाजत आणून आपल्या चर्चच्या भिंतीला लावलं, ते चार वर्षांत पोतेऱ्यासारखं लोंबायला लागलं होतं. मागे तुमचे कर्नल डनबार त्या भोकांकडे बोट दाखवून रणांगण, रणांगण करत होते. अरे, ते निशाण लढाईभर विलायतेतल्या एका चर्चमध्ये सुखात होतं, तुझ्या बापानेच, एवननेच, तसं कळवलं होतं. ती भोकं आपल्या घंटाघरातल्या उंदराची. त्या उंदराला मी ओळखते.

पाद्रीबुवा मार्चभर बहिणीकडे होते आणि झाडलोटीची किल्ली माझ्याकडे. शिडी लावून उतरवलं, थंड पाण्यातून काढलं, सावलीत वाळवलं आणि एकोणीस दिवस बसून रफू केलं. त्याच्यावर विणलेली मेपलची पानं झडली होती, त्यांना कांद्याच्या सालीत रंगवलेला दोरा घातला. निळं रेशीम मिळेना, तेव्हा मिस बेथूनच्या जुन्या टोपीची फीत उसवली. (लेखणी थांबली. त्यांना हे आत्ताच कळतंय.)

पलटण येईल तेव्हा कुणी म्हणायला नको की ग्लेन उराच्या बाया फाटकं तसंच टांगून ठेवतात.

आहेस तसाच राहा, आणि पायमोजे भिजले की बदल.
तुझी आजी, मोराग मॅकक्वारी


हॅलिफॅक्स
१४ एप्रिल १९२३

ती. आजीस,

नीलचा टाचा जुळवून नमस्कार. मिस बेथून, पुढचं वाचण्याआधी कृपा करून दार लावून घ्यावं.

आजी, तू काय करून बसलीस! चर्चच्या स्वाधीन केलेल्या निशाणाला पुन्हा कुणी हात लावायचा नसतो. धुवायचं नाही, शिवायचं नाही. त्याची आपोआप धूळ होऊ द्यायची, हाच त्याचा मान. ही आमची जुनी रीत आहे.

आमच्या सार्जंट मेजरांना मी आडून विचारलं, की समजा एखाद्याच्या आजीने असं केलं तर? ते म्हणाले, घोर अपराध. मग चहा पिता पिता म्हणाले, स्वाधीन करण्याआधी शिवलं तर मात्र चालतं. मग निघताना दारातून मागे वळून म्हणाले, टाके सरळ आहेत का? मला आता काहीच कळेनासं झालंय.

जूनची तयारी पाहायला कर्नलसाहेब २८ तारखेला तिथे येणार आहेत. त्यांनी ते पाहिलं तर नवं निशाण माझ्या हातात कशाला देतील? बाबांच्या पलटणीची लढायांची नावं त्याच्यावर काढली आहेत, आजी. ते मीच धरावं असं फार वाटतं. तेव्हा हात जोडतो, त्याआधी सगळे टाके उसवून टाक आणि कुणापाशी अवाक्षर काढू नकोस.

रागावू नकोस. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा नील


ग्लेन उरा
२० एप्रिल १९२३

चि. नील यास,

आशीर्वाद, पण या खेपेला हात जरा आखडून.

तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. कळलं ते एवढंच की काही कळलं नाही. ज्याला मान द्यायचा ते कुजू द्यायचं? मग माझ्या तळघरातले बटाटे फार मानाचे म्हणायचे. पाद्रीबुवांना विचारलं तर ते म्हणाले, रीत खरी आहे, पण एवढं स्वच्छ निशाण पाहून प्रार्थनेत मन लागतं हेही खरं. म्हणजे त्यांनाही कळलेलं नाही.

तरी तुझ्यासाठी कात्री घेऊन बसले. पहिला टाका कापला तर त्याच्याबरोबर बोटभर रेशीम गळून मांडीवर पडलं. आता ते सगळं माझ्याच दोऱ्यावर उभं आहे, नील. टाके काढले तर निशाणच उरणार नाही. कापला तेवढा पुन्हा घातला.

आणि एक सांगते. आपल्याकडे माणूस गेला की घरच्या बाया त्याला न्हाऊ घालतात, शर्टाचं तुटलेलं बटण लावतात, मग निरोप देतात. माझ्या आईला मी तसं केलं, तुझ्या आजोबांना केलं. एवन बेल्जियमच्या चिखलात गेला, घरी आला तो कागद. मला धुवायला काही मिळालं नाही, शिवायला काही मिळालं नाही. त्या एकोणीस दिवसांत माझे हात पहिल्यांदा शांत होते. यात अपराध कोणता, ते तुझ्या सार्जंट मेजरांनी सांगावं. चहा पिण्याआधी.

असो. कर्नल येतील तेव्हा मी गप्प बसेन. या वयात अक्षरं नाही, पण तेवढं शिकता येईल.

लोभ कुठे जातोय, इथेच आहे.
आजी


ग्लेन उरा
२९ एप्रिल १९२३

चि. नील यास,

आशीर्वाद. बस आधी. मला गप्प बसणं जमलं नाही.

काल कर्नल डनबार आले. लांब मिशा, लांब पाय, मधे फारसं काही नाही. निशाणाखाली बराच वेळ उभे राहिले. मी बाक पुसत होते, एकच बाक चार वेळा. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, आजीबाई, या खाडीच्या हवेत काही जादू आहे, रेशीम किती छान राहिलंय! नुसतं हो म्हणायचं होतं. पण एकोणीस दिवस डोळे फोडले मी आणि नाव हवेचं? म्हटलं, साहेब, हवेला सुई धरता येते का? ते काम माझं.

झालं! त्यांनी विचारलं, तुमच्या नातवाला हे ठाऊक होतं का? मी म्हटलं, त्याला काय ठाऊक असणार, त्याला स्वतःचा पायमोजासुद्धा शिवता येत नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मीही पुन्हा तेच सांगितलं, डोळ्याला डोळा भिडवून. चर्चमध्ये खोटं बोलले, देव आणि मी नंतर पाहून घेऊ. कर्नल मिशी चावत राहिले. हसत होते की चिडले होते, देव जाणे. माझ्याकडच्या ओटच्या दोन भाकऱ्या काकवीशी खाल्ल्या आणि गेले.

तुझं नाव मी कुठे येऊ दिलेलं नाही. तू फक्त काही कबूल करू नकोस म्हणजे झालं.

घाईत, पण मायेत कसर नाही.
आजी


हॅलिफॅक्स
३ मे १९२३

ती. आजीस,

नमस्कार. आता तू बस.

२० तारखेचं तुझं पत्र वाचल्यावर मला झोप लागेना. २६ ला मी स्वतःच कर्नलसाहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं; तुझे टाके, एकोणीस दिवस, बाबा, आणि मी तुला उसवायला सांगितलं तेही. तुला आधी कळवायला वेळच उरला नाही.

म्हणजे ते तिथे आले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. हवेची जादू ते तुला वाचवायला म्हणाले होते. तू हो म्हणाली असतीस तर गोष्ट तिथेच मिटणार होती! सोमवारी मला बोलावून म्हणाले, तुझी आजी माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलली, आणि माझ्या सगळ्या कॅप्टनांना मिळून तेवढा ठाम आवाज नाही.

पण नवं निशाण आता आमच्यातला दुसरा अधिकारी, मॅकफी, धरणार, मी नाही. तुझ्या टाक्यांमुळे नाही, आजी, हे नीट ऐक. ते म्हणाले, बाईंनी मायेने शिवलं, ते मी समजू शकतो. तू मात्र मला दिसू नये म्हणून उसवायला निघालास. मी सलाम ठोकून बाहेर आलो. त्यांचं बरोबर आहे असं सकाळी वाटतं आणि संध्याकाळी वाटत नाही.

जुन्या निशाणाबद्दल त्यांनी हुकूम दिलाय: आहे तसं राहू द्यावं. यापुढे कुणी कात्री लावायची नाही आणि कुणी सुईही लावायची नाही. टाकेही त्याच्याबरोबर झिजतील.

जूनला येतोय, रांगेतून. तेवढ्यावर गोड मानून घे.
तुझा नील


ग्लेन उरा
१८ जून १९२३

चि. नील यास,

पोटभर आशीर्वाद.

निशाण दिलं त्या दिवशी गर्दीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही. मॅकफीचं पोर निशाण घेऊन पुढे आलं, वारा सुटला आणि ते सगळं त्याच्या तोंडावर बसलं. लोक टोपी काढून निशाणाकडे बघत होते. मी मागच्या रांगेत तिसऱ्याकडे बघत होते. सरळ चाललास. तुझ्यावर रागवावं, कर्नलवर रागवावं की माझ्या जिभेवर, ते ठरेना, म्हणून रडून घेतलं. मिस बेथूनही रडल्या, पण त्या टोपीसाठी असतील.

काल रविवारी चर्चमध्ये वर पाहिलं. कोपऱ्यातल्या मेपलच्या पानाचा एक दोरा सुटलाय. वीतभर खाली आलाय आणि दार उघडलं की हलतो. सुई माझ्या गळपट्टीला होतीच, शिडी कुठे असते तेही ठाऊक. प्रवचन लांबलं होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि शेवटच्या प्रार्थनेपर्यंत त्यांच्यावर बसून राहिले.

लोभ ठेव, मी ठेवतेच आहे.
तुझी आजी